एकशे बारा मैल

पहाटे साडेचारला निघालो, वारा उठायच्या आत.
वारा आमच्याआधीच उठून बसला होता,
पश्चिमेला, नेमका आम्हाला जायचं तिकडे.

कॅन्सस. सुतळीसारखा ताणलेला रस्ता,
दोन्ही अंगांना कापून नेलेल्या गव्हाची खुंटं.
समोर धान्याचं उंच पांढरं कोठार
सात वाजता दिसलं, अंगठ्याएवढं.
नऊलाही अंगठ्याएवढंच.
"मागे सरकतंय ते," अर्विन म्हणाला.
मग तासभर कुणी काही बोललं नाही.

सराटा इथंही उगवतो.
माझ्या मागच्या चाकात दोन, त्याच्या पुढच्यात एक.
ट्यूब बुडवायला पाणी कुठलं,
ओठांजवळ धरून फिरवली,
गार फुंकर लागली तिथं ठिगळ.

एक ट्रक. हात वर. पुन्हा आभाळ.

कॅफे दोनला बंद होतं, आम्ही पावणेतीनला.
लोरेटा ड्राइलिंगनं टेबलांवर चढवलेल्या खुर्च्यांपैकी
दोन परत खाली घेतल्या,
न विचारता चेरीची अख्खी पाई ठेवली, चमचे दोन.
"उद्या वारा फिरेल."
काउंटरवरच्या वहीत सायकलवाल्यांच्या सह्या,
जूनपासून प्रत्येकीखाली तेच:
लोरेटा म्हणते, उद्या वारा फिरेल.
आम्हीही लिहिलं. तारीख घातली.

उरलेले चाळीस मैल मांड्यांना विचारा.

रात्री गावच्या बागेत तंबू.
दोन वाजता हिरवळीतले फवारे फुस्सकन सुटले.
ओल्या पथाऱ्या छातीशी धरून
आम्ही बाकावर उभे, शिव्या देत,
आणि दिव्याखाली तुषार झुकत होते
पश्चिमेकडे.

अर्विन बूट शोधायला लागला.