पाचवा डबा

एकतीस डबे, असा निरोप आला.
ऐरोलीत नाक्यावर माझं पोळीभाजी केंद्र,
समोर काचेची बारा मजली इमारत,
सातव्या मजल्यावर सकाळपासून पडदे ओढलेले.
फौजदार तडवी म्हणाले, मढवीबाई,
आकडा त्यांनीच दिलाय. ते चौघे आहेत.
म्हणजे आमची माणसं सत्तावीस.
आज तुमच्या डब्यांवरूनच डोकी मोजायची.

कणीक मळली. यल्लव्वाचे हात ताळ्यावर नव्हते,
तिच्या पोळ्यांना कोपरे फुटत होते.
साध्या कपड्यातला एक जण जवळ येऊन पुटपुटला,
डाळीत काही घालता येईल का?
म्हटलं, हिंग घालते.
तडवींनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

डबे लिफ्टमध्ये रचले, बटण दाबलं, माणूस नाही.
लाल आकडा चढत गेला. पाच. सहा.
सातवर थांबला तो थांबलाच.
रस्त्यावर एवढे बंदूकवाले आणि एक कुत्रं,
त्यातलं कुत्रं तेवढं हललं.
खाडीला ओहोटी होती, चिखलाचा वास
थेट माझ्या तव्यापर्यंत.

रात्री दहाला लिफ्ट खाली आली
उष्टे डबे घेऊन.
आधी पोलिसांच्या कुत्र्यानं हुंगले, मग मी उघडले.
भात नुसता चाळवलेला.
चतकोर मोडून परत ठेवलेली पोळी.
एकीवर दातांची खूण, पण घास तोडलेला नाही.
कुणीतरी मिरचीचे देठ ओळीनं लावून ठेवले होते,
लहान मूल लावतं तसे.
भीती घशाखाली काही उतरू देत नाही.

आणि चाटूनपुसून रिकामे
एक, दोन, तीन, चार.
पाच.

तडवींचं पेन थांबलं. पुन्हा मोजा.
पुन्हा पाच.
म्हणजे एक जण आमच्यातला म्हणून बसलाय, ते म्हणाले,
मला नाही, भिंतीला.

मला मात्र आमच्या घरातली रात्र आठवली.
रबाळ्याच्या कंपनीत बॉयलर फुटला,
ह्यांना घड्याळावरून ओळखून मी घरी आले
आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या, सुक्या बोंबलाशी,
शेवटच्या तुकड्यानं ताटली पुसून.
जाऊबाई बघत होती.
अकरा वर्षं झाली, ती अजून बघतेच आहे.

म्हणून म्हटलं, साहेब, पाचवा डबा रिकामा आहे, लिहा.
पण भूक लागणं हा गुन्हा नाही, हेही लिहा.
कुणाला साखर असेल, गोळी घेऊन जेवावंच लागत असेल,
कुणी नुसताच माझ्यासारखा असेल.
त्यांनी मान डोलावली.
पहिलं वाक्य लिहिलं.
वहीत तेवढंच बसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला, तीस डबे.
एक कमी का, ते कुणी सांगितलं नाही.
मी एकतीस भरले.
तडवींनी वरचा एक उचलून
माझ्या ओट्यावर ठेवला, आवाज न करता.

ते तीस परत आलेच नाहीत.
पहाटे साडेचारला काचा फुटल्या,
बराच वेळ फुटत राहिल्या, खाली येऊन पुन्हा फुटल्या.
यल्लव्वानं गॅस बंद केला.
तवा तापलेला नव्हता तरी.

उजाडल्यावर माणसं उतरली, हात वर करून,
आपलीच माणसं, तरी हात वर.
मी फुटपाथवरून मोजली. पंचवीस.
मग चादरी आल्या. मोजल्या. सहा.

चार त्यांचे.
एक तो, ज्याचा डबा आदल्या दिवशी उतरवला गेला.
आणि एक पाचवा.

तडवी चहाला आले. कप दोन्ही हातांनी धरला.
मी विचारलं, तो त्यांचाच होता ना?
ते म्हणाले, साखर जरा जास्त झालीय.
चहात मी साखर घातलीच नव्हती.

पंचवीस आणि सहा एकतीस.
बेरीज जुळली की वही मिटतात.
ओट्यावरचा तो डबा संध्याकाळी मी उघडला,
डाळ आंबली होती,
आणि भूक, मेली, लागलीच होती.