डिप

शिवडीच्या तेलडेपोत एकतीस वर्षं
मोरेश्वर चुरींनी टाक्यांची खोली मोजली.
पितळी वजनाची फीत आत सोडायची,
ओली खूण वाचायची, वहीत टिपायची.
याला ते डिप घेणं म्हणतात.
म्हणत.

आमच्याकडे ते पी-सतरा आहेत.
दंडाच्या आतल्या बाजूची कातडी, मसुराएवढी.
सही त्यांना जमेना, मुलीनं केली.
"बाबांना याचा काही उपयोग?"
मी नाही म्हटलं.
ती जरा थांबली, मग पेन मागितलं.

त्या कातडीला आम्ही मागे नेलं,
जन्माच्याही पलीकडे,
जिथे पेशीला अजून कुणी
अमुक हो म्हणून सांगितलेलं नसतं.
तिथून पुढे आणलं, मेंदूकडे.
पाच महिने. दिवसाआड खाद्य बदलायचं,
अनंत चतुर्दशीलासुद्धा,
भारतमातापासून चालत येऊन.

आता बशीत त्यांच्या तारकापेशी आहेत.
शेजारच्यांना चरबी पोचवणं हे यांचं काम.
या पोचवत नाहीत. साठवतात, थेंबावर थेंब,
लग्नघरात कोठी सांभाळणाऱ्या मावशीसारख्या:
किल्ली कमरेला,
आणि पंगत उठून गेली हे गावीच नाही.

रंग टाकला की थेंब हिरवे उजळतात.
मी मोजते. पेशीमागे किती, केवढे.
दुसऱ्या बशीत तेच चुरी,
फक्त जनुकातलं एक अक्षर दुरुस्त केलेलं.
तिथे थेंब कमी.
हे मुलीला सांगितलेलं नाही. कसं सांगू,
की सुधारलेले बाबा चौथ्या मजल्यावर असतात,
सदतीस अंशांवर.

मार्चमध्ये ते तपासणीला आले.
मुलीला वहिनी म्हणत होते.
पडद्यावरचे थेंब दिसले तसे थबकले,
डोळे बारीक केले.
"आत्ताच भरलीय ना टाकी?
लगेच डिप घेऊ नका. हलतंय अजून.
बसू दे."
मग कानामागे पेन्सिल चाचपली. नव्हती.

त्या संध्याकाळी मी मोजणी केली नाही.
खाद्य बदलून तासच झाला होता,
आणि किती थांबायचं
हे आमच्या पद्धतीत कुठेच लिहिलेलं नाही.
बशी परत उबेत ठेवली.
झाकणावर पी-सतरा, तारीख,
खाली लहान अक्षरात:
बसू दे.