पंखा फिरतोय का

गुरुवारी रात्री नऊला, कोपरीच्या घरात
मी टेबलावर उशी ठेवते, उशीवर लॅपटॉप,
म्हणजे हनुवटी खालून दिसत नाही.
जोतवाणींकडे तिसरी शिट्टी होते
आणि एकेक चौकोन उजळत जातो.

मुंब्र्याची हफीजा, मागे पोपटी भिंत आणि गॅसचं कॅलेंडर.
कळव्याचे डोंबे सर, त्यांचं फक्त कपाळ.
घणसोलीचा प्रज्योत, तुर्भ्याच्या मसाला मार्केटातून आलेला,
अजून शिंकतो आहे.
आणि एक काळा चौकोन. त्यावर नाव: रेडमी.

पाच आठवडे झाले, रेडमी येतो, ऐकतो, जातो.
दारात कोणी गुडघे पोटाशी घेऊन बसलं
तर आपण त्याला प्रश्न विचारत नाही,
कपबशी जरा पुढे सरकवतो.
मी एवढंच म्हणते, लिहिलं तरी चालेल.

आम्ही सगळे अडखळणारे.
दिवसभर मी पालिकेत जन्मनोंदणी करते,
लोकांच्या बाळांची नावं ऱ्हस्वदीर्घासकट टाइप करते,
आणि माझं स्वतःचं, कौमुदी,
'क'पाशी फतकल मारून बसतं.
म्हणून ही बैठक चालवायला मलाच बसवलं असावं.

इथे सगळ्यांना गप्प करायचं एक बटण आहे.
ते मी स्वतःवरच वापरते, कुकरसाठी.
कठीण गेले ते डोंबे सर.
तीस वर्षं त्यांनी मुलांकडून रिकाम्या जागा भरून घेतल्या,
त्यामुळे हफीजा 'द...द...' म्हणाली
की सर प्रेमाने 'दवाखाना?' म्हणायचे.
तिला दर्गा म्हणायचं असे. कधी दही.
एकदा ती नुसती दवाखान्याला हो म्हणाली
आणि त्या दिवसाची तिची गोष्टच बदलून गेली.
सरांना मी नंतर फोन केला, एकट्यांना.
चारचौघांत सांगितलं असतं तर तेही मिटले असते.

पण मोठी चूक माझीच.
प्रज्योत स्वतःचं नाव सांगत होता.
ओठ जुळलेले, डोळे एका जागी,
दहा सेकंद, पंधरा.
मी म्हटलं, प्रज्योत, आवाज येत नाहीये,
नेटवर्क गेलं का रे तुझं?

नेटवर्क कुठेही गेलं नव्हतं.
तो 'प्र'च्या आत होता,
जोडाक्षराच्या बोळात, दोन्ही खांदे घासत.
त्याने मान हलवली आणि चौकोन विझला.

ते दहा दिवस मला पुरले नाहीत.
काउंटरवर कोणी 'प्रणिता' लिहून दिलं तरी हात थबकायचा.
मग केव्हातरी रात्री, आमच्याच छताकडे बघताना, कळलं:
माणूस गोठला की त्याच्या मागे बघायचं.
पंखा फिरत असेल, पडदा हलत असेल,
तर तो येतो आहे. थांबायचं.
पंखाही थांबला असेल, तर मात्र फोन लावायचा.

हे मी सगळ्यांना सांगितलं, चूक कबूल करून.
प्रज्योत तिसऱ्या गुरुवारी आला.
यावेळी कॅमेरा मुद्दाम तिरका, वर पंखा दिसेल असा.
एक्केचाळीस सेकंद लागले त्याच्या नावाला.
मी मोजले ते माझ्या जिभेला आवरायला.
सरांचं कपाळ घामेजलं होतं,
पण तोंडून शब्द नाही.
म्हात्रे आडनाव तर मागोमाग घरंगळत आलं,
तोच हसला.

काल बैठक संपवायची वेळ झाली.
मला म्हणायचं होतं, कुणाचं काही राहिलं का?
'क' आला नाही.
इतक्या चेहऱ्यांपुढे, मीच चालवणारी,
आणि घशात दार लावून घेतलेलं कोणी.
हफीजा पुढे वाकली, ताई, दिसताय का, ताई?

तेव्हा खालच्या पट्टीत
सहा आठवड्यांत पहिल्यांदा
रेडमीची अक्षरं उमटली:

पंखा फिरतोय.
थांबा.