ठोकळा नंबर सतरा

नवव्या मिनिटाला तो फुटला.
भट्टीच्या लोखंडी दारामागे आधी टक्, टक्,
कुणी नखानं पाट वाजवावा तसं,
मग एकदम तो आवाज.
सोयरू वेळीप म्हणाला,
नरकासुराच्या पोटातला मोठा फटाका
पहाटेआधीच पेटला.

दार दुसऱ्या दिवशी उघडलं.
फर्मागुडीच्या टेकडीवर रात्री गारवा असतो,
भट्टीला ते ठाऊक नसतं.
आत सतराव्याचे तुकडे,
करवंटीएवढे, नाण्याएवढे,
कडा अशा की खाजनातल्या चिखलात
पाय कापणारे शिंपले.
वजन करून मी ते पिशव्यांत भरले.

दाट, घट्ट, जवळजवळ निश्छिद्र काँक्रीट,
शंभर वर्षं डोंगराचं पाणी आत येऊ नये म्हणून
मीच घडवलेलं.
आतलं पाणी बाहेर कुठून जाणार,
हे मी त्याला शिकवलंच नव्हतं.

गेल्या महिन्यात पेडण्याला गेले होते, बोगद्याचे नमुने घ्यायला.
इनास गस्तीवाला कंदील धरून पुढे.
भिंतीला हात लावला की बोटं तांबडी.
मध्यावर तो थांबला.
मॅडम, इथे डबा पेटला
तर कुठल्या तोंडाकडे पळायचं?
मी म्हणाले, ज्या बाजूनं वारा येतो, तिकडे.
तो म्हणाला, इथे वारा गाडीबरोबर येतो
आणि गाडीबरोबर जातो.
मग बराच वेळ
फक्त पायाखालच्या खडीचा आवाज.

माझ्याकडे आलेख आहे.
पाचव्या मिनिटाला हजार अंश ओलांडणारी रेघ,
सरळ उभी, माडासारखी.
त्या रेघेवर कुठेच इनास नाही.

पिशव्या उचलताना सोयरू म्हणाला,
"बाय, वाफेक वाट जाय.
दिली ना जाल्यार ती आपणेंच करता."
त्याच्या आजोबांच्या भट्टीवर एकदा
नळीत बोंडूचा चोथा अडकला होता.
भाण फुटलं, छप्पर गेलं,
आजोबांची डावी भुवई परत उगवलीच नाही.
हे सांगताना तो हसत होता,
आणि मी पिशवीवर तारीख लिहायची विसरले.

वाट म्हणजे धागे.
प्लास्टिकचे, केसाहून बारीक, नखाएवढे लांब,
घनमीटरला दोन किलो,
कालवणात मीठ विरावं तसे मिसळून गेलेले.
एकशे पासष्ट अंशांवर ते वितळतात
आणि आपल्या जागी
आपल्याच मापाची पोकळी ठेवून जातात.
तिच्यातून वाफ निघून जाते, मुकाट.

निविदा समितीतले एक गृहस्थ म्हणाले,
म्हणजे तुम्ही वितळण्यासाठीच काहीतरी विकत घ्यायला सांगता.
हो, म्हणाले मी.
आणि आग लागलीच नाही तर?
तर ते तसेच राहतील, भिंतीत,
शंभर वर्षं, काही न करता.
त्यांनी चष्मा पुसला. दर विचारला.

एकविसावा ठोकळा फुटला नाही.
दोन तास. बाहेर काढला तेव्हा
राखाडी, भेगाळलेला, उन्हाळ्यातल्या खाजनासारखा,
पण चारही कोपरे जागेवर.
आम्ही टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत.
सोयरूनं त्याच्यावरून हात फिरवला,
बाजारात भोपळा बघतात तसा,
आणि विचारलं,
काम झालं की हा मला द्याल?
आमच्या चुलीचा तिसरा दगड
यंदा तडकला.

मी सांगितलं, याच्या जुळ्या भावाला दाबून पाहिलं,
ताकद तिसऱ्या हिश्श्यावर आली आहे.
भाणापुरती पुरे, तो म्हणाला.

अहवाल अजून अर्धा आहे.
बाविसाव्यात धागे कमी करून बघायचे आहेत,
धुराचं गणित तर सुरूही नाही,
इनासला काय सांगायचं ते त्याच्या पुढे.
पण नोंदवहीत, एकविसाव्यासमोर,
'विल्हेवाट' या रकान्यात
मी आज शाईनं लिहिलं:
खोतीगाव, काजूची भट्टी,
उजवीकडचा दगड.