सतरा नंबरचं भोक

विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर, रात्री दीडला
मी एका यंत्राला उठवत बसलेय.
ते इथं नाही. पुण्याच्या कुठल्याशा गार खोलीत आहे.
माझ्याकडे येतात फक्त त्याची अक्षरं :
प्रोसेसर चौसष्ट, मेमरीचे नोड चार,
आणि दर वेळी तिसऱ्या नोडपाशी येऊन
ते मान टाकतं.

कर्नलला प्रोसेसर दिसत नसतो.
त्याचं तापणं, त्याची धाप, काही नाही.
त्याच्यापुढे असते खाचांची एक ओळ.
एक म्हणजे आहे. शून्य म्हणजे नाही.
तेवढ्यावर तो साऱ्या जगाचं काम वाटून देतो.

ही ओळ मी आधी पाहिली होती.
मार्केट यार्डात, हळदीच्या गाळ्याबाहेर,
धुळाप्पा मुकादमांची बाभळीची फळी,
धुरळ्यानं पिवळी, चाळीस भोकांची.
हमाल आला की खुंटी आत.
शाळा सुटली की मी तिथंच असायची, अण्णांच्या काट्याशेजारी,
पोत्यावर बसून खुंट्या मोजत.

खरं तर फळ्या तीन होत्या.
एकीवर वहीत नाव असलेले सगळे,
गावी गेलेले, आजारी, रुसलेलेसुद्धा.
दुसरीवर आज यार्डात पाऊल टाकलेले,
मग ते टपरीवर चहा पीत का असेनात.
आणि मुकादम काम देताना बघायचे ती तिसरी :
आकडा हातात घेऊन उभे असलेले.
पहिल्या भोकावर नंबर नव्हता. ते त्यांचं स्वतःचं.
ती खुंटी निघालेली मी कधी पाहिली नाही.

सतरा नंबर बाबालाल मुल्ला.
आधी त्याचा गुडघा गेला, मग एका उन्हाळ्यात तो.
मी म्हटलं, आता अठराला सतरा करा की.
मुकादम हसले नाहीत.
"न्हाई पोरी. नंबर सरकला
की जुन्या पावत्या खोट्या पडत्यात.
भोक बी हिशेबातच."

हळद असायची हरिपूरला, पेवांत,
जमिनीच्या पोटात, चिंचांच्या रस्त्याच्या टोकाला.
तोंड एवढंसं, आत खोलीएवढा अंधार.
उतरण्याआधी कंदील सोडायचा खाली,
तो विझला तर माणूस सोडायचा नाही.
कुठल्या गाळ्याला कुठलं पेव जवळ,
ते अण्णांच्या वहीत उभ्याआडव्या रेघांत.
जवळचं रिकामं झालं की त्याच्या शेजारचं,
ते संपलं की मग लांबचं, आणि गाडीवानाची कुरकुर.

यंत्रातही असाच तक्ता आहे, नोडपासून नोडचा.
शेजारी वीस, त्यापलीकडे तीस,
आणि स्वतःपासून स्वतःपर्यंत दहा.
नोकरीच्या पहिल्या वर्षी मी अडले होते :
घरातल्या घरात शून्य का नाही?
कुणी नीट सांगेना.
एकदा जेवताना अण्णांनाच विचारलं.
ते भाकरी मोडत म्हणाले,
"पोतं दारात असलं तरी वाकावं लागतंच की."

पावणेतीनला सापडलं.
तिसऱ्या नोडवर मेमरी भरपूर, प्रोसेसर एकही नाही,
आणि कुणीतरी लिहून ठेवलं होतं :
नोडच्या मालाला नोडच्या माणसांनी भागा.
शून्यानं भागायला गेलं होतं बिचारं.
पूर ओसरल्यावर हरिपूरला अशी पेवं होती,
माल आत, वर कुणी नाही.
मी एक ओळ घातली :
जिथं हात नाहीत, तिथं सगळ्यात जवळचा हात बोलाव.

यंत्र उठलं. चारही नोड.
तक्त्याच्या तिरक्या रेघेत दहा, दहा, दहा, दहा.

पलीकडच्या खोलीत अण्णा खोकले, कूस बदलली.

आता चाचणी. एखादा प्रोसेसर मधूनच काढून बघायचा,
काम दुसऱ्यांवर नीट जातंय का.
शून्य नंबर यंत्र काढू देत नाही.
बाकी त्रेसष्ट होते, कुठलाही चालला असता.
बोटांनी सतरा टाइप केलं.

कोण उभे आहेत, विचारलं.
उत्तर आलं :
शून्य ते सोळा,
अठरा ते त्रेसष्ट.