साडेदहा

गुडघ्याच्या खाचेत आम्ही एक घड्याळ मानतो.
वीस वर्षं मी अकरावर बोगदा पाडला,
गुरूंनी दाखवला तसा.
ओलेसुंडच्या थिएटरात टूरिड सिस्टर म्हणायची,
कॉफी निवायच्या आत उरकता तुम्ही.

टेबलावर पाय पुढे ओढून बघायचा.
दोरी ताठ. घाला टाके.

इंगुन दीड वर्षानं परत आली,
हँडबॉलची बॅग अजून खांद्याला.
"सरळ पळते, डॉक्टर.
वळले की पायाखालची फरशी कुणी ओढतं."

मी पोटरी धरून आत वळवली
आणि उजवा गुडघा हातातून निसटला,
ओल्या कॉड माशासारखा.

दुसऱ्या खेपेला स्क्रू तेच, ड्रिल तेच,
शीर तिच्याच दुसऱ्या मांडीची.
फक्त काटा मागे घेतला.
साडेदहा. जवभर अंतर.
टूरिडची कॉफी गार झाली.

परवा इंगुन धक्क्यावर दिसली.
हाक मारली, तर गर्रकन वळली,
आणि माझ्याच पोटात धस्स झालं.

आधीचे सातशे गुडघे
याच गावात, बोटींवर, जिन्यांवर आहेत.
कुणाचीच तक्रार नाही.
सरळ चालतात.
त्यांतल्या किती जणांनी
वळणंच सोडून दिलं असेल?