तीन ए

पॅक काल रात्रीच संपला.
काठाचा फोटो इचलकरंजीला जायचा होता
दुपारी दोनच्या आत,
नाहीतर शेठ दुसऱ्या कुणाचा काठ धरणार.
मागावरून उतरलेलं लुगडं खाटेवर पसरलेलं,
मोरपंखी अंग, विटकरी काठ,
आणि मी वडगावच्या गल्लीत
मोबाइल डोक्यावर धरून उभा,
पतंगाला वारा शोधत असल्यासारखा.

यादी उघडली.
भिंतीपलीकडची घरं एकाखाली एक आली.
लक्ष्मी टेक्स्टाइल.
कुरुहिनशेट्टी फोरजी.
सातेरी मेडिकल, दोनच काड्या.
एकानं नाव ठेवलंय हात लावू नका
आणि लगेच खाली मुट्टबेडा.
म्हणजे तेच, कानडीत.
दोघं कोण ते मला माहीत आहे,
गटारीवरून चार वर्षं बोलत नाहीत.
इथं मात्र खांद्याला खांदा लावून,
दोघांच्याही पुढे कुलूप.

विरूपाक्ष दारात येऊन म्हणाला,
काका, आमचं घ्या की वो.
अवघड न्हाई काय. आज्जी रोज म्हणती तेच हाय.
म्हणजे काय रे?
ऊटाआय्ता.

जेवण झालं काय.
सदतीस वर्षं शिवलिंगव्वा भिंतीवरून हे विचारते,
कधी हातात लसूण, कधी ओली केरसुणी.
आम्ही तिचे शब्द झेलले, खाली टाकले, विसरलो.
तिच्या घराची किल्ली
ती रोज दुपारी
मोठ्यानं ओरडून सांगत होती.

आता ते इंग्रजीत मारायचं.
बोटांना सुताची खळ, काच दाद देईना,
लुंगीला पुसली.
ओ ओ टी ए.
पुढं?
तिचा आ किती लांब
हे मोजायची पाळी माझ्या कानावर कधी आली नव्हती.
एक ए टाकला. बटण दबेचना.
दोन टाकले. दबलं, आणि नाही म्हणालं.
फोन कानडीतून नाही म्हणतो,
दुकानदारानं तसाच लावून दिलाय.
मला बसच्या पाट्यांपुरतं वाचता येतं,
पण लाल अक्षराला शाळा लागत नाही.

विरू हसला.
काका, ऊटाचा एक, आय्ताचे दोन.
तीन ए.
मधी दम घ्यायचा न्हाई.

तीन टाकले.
चक्र फिरायला लागलं,
कांडी भरताना फिरते तसं,
पण सूत कुठं गुंडाळलं जातंय ते दिसत नव्हतं.
मग पंखा उघडल्यासारख्या काड्या उघडल्या,
एक, दोन, चारही.
फोटोवर हिरवी रेघ सरकली.
अंग गेलं असावं,
काठ जायचा होता,
आणि करंट गेला.

गल्लीभर माग थांबले.
एक आपल्याच झोकात दोन धोटे जास्त मारून थांबला.
यादीतली नावं विझली,
मेडिकल तेवढं उरलं, त्यांच्याकडं बॅटरी आहे.
एवढं शांत झालं
की कुणाच्यातरी कढईतली मोहरी ऐकू आली,
आणि भिंतीवरून,
पदर दातात धरून बोलावं तसं,

ऊट आय्ता?

विरूनं माझ्याकडं पाहिलं.
मी फोन तसाच वर धरलेला.
आय्तु, म्हणालो.

दीड वाजून गेला होता.
भात अजून धुवायचा होता.